आजेसासऱ्यांच्या तंबाखूच्या डबीत डोळेवाला मणी सापडलाय, हा तिबेटी झी असेल का?

देवळालीची_सून

नमस्कार मंडळी, इथं पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

दिवाळीआधी घराला रंग काढला म्हणून माळ्यावरची आजेसासऱ्यांची लोखंडी ट्रंक खाली काढली. ते तोफखान्यात होते, रिटायर झाल्यावर इथंच देवळालीत घर बांधलं, त्यांना जाऊन आता बावीस वर्षं झाली. ट्रंकेत जुनी पदकं, रेशन कार्डं, एक उंदरानं खाल्लेला ओव्हरकोट आणि तंबाखूची पितळी डबी. डबीत लाल दोऱ्यात ओवलेला एक मणी निघाला. अंगठ्याच्या दोन पेरांएवढा लांब, मधे फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळता, रंग काळपट चॉकलेटी, त्यावर पांढऱ्या रेघा आणि दोन्ही अंगांना एकेक गोल, अगदी डोळ्यासारखा. एका टोकाला चिमटीनं कोरून काढल्यासारखा टवका गेलाय.

आजेसासूबाई आहेत अजून, सत्त्याऐंशीच्या, आम्ही सगळे त्यांना मोठी आई म्हणतो. त्यांना दाखवला तर लगेच ओळखला. म्हणाल्या "अगं हा लडाखचा, ह्यांनी पासष्ट-सहासष्ट साली आणला, तिकडं रस्त्याच्या कामावर तिबेटातनं पळून आलेली माणसं होती, त्यातल्या एका म्हाताऱ्याला ह्यांनी आपली घोंगडी दिली, तर तो पैसे कुठले देणार, त्यानं गळ्यातला काढून दिला." मग त्यांनी तो बजरबट्टूसोबत काळ्या दोऱ्यात ओवून चारही लेकरांच्या पाळण्याला बांधला होता म्हणे. का, तर "त्याला डोळे आहेत, आपण झोपलो तरी तो जागा."

आता गोंधळ पुढं आहे. सराफ बाजारात एका दुकानात दाखवला, त्यांनी हातात घेऊन पाच सेकंदात सांगितलं की हकीक आहे, चार-पाचशेचा माल, त्यात टवका गेलेला, वाटल्यास पॉलिश करून टोक घासून चांदीत मढवून देतो. भाच्यानं फोटो काढून नेटवर शोधलं तर हा 'झी' नावाचा तिबेटी मणी असतो आणि तो लाखांत जातो असं काय काय निघालं. त्यानं फोटो कुठल्यातरी ग्रुपवर टाकला तर रात्री साडेअकराला एका अनोळखी माणसाचा मेसेज, "चाळीस हजार देतो, उद्या येतो, कुणाला दाखवू नका."

सासूबाई म्हणतात देऊन टाका, दुसऱ्याच्या अंगावरची वस्तू, त्याचं काय काय त्यासोबत आलं असेल कुणास ठाऊक. मोठी आई म्हणतात हात लावाल तर बघा. नणंदेला जानेवारीत बाळ होणार आहे, त्यांना तो परत पाळण्याला बांधायचाय.

तर हा मणी नक्की काय आहे, खरा-खोटा कसा ओळखायचा, तुटलेला आहे तर त्याला अर्थ आहे का? आणि पॉलिश करू की नको?

---

त्र्यंबकचा_दुकानदार

ताई आधी एकच सांगतो, पॉलिश करू नका. काही झालं तरी करू नका. बाकीचं नंतर वाचा.

माझं त्र्यंबकला रुद्राक्ष, स्फटिक, माळांचं दुकान आहे, वडिलांपासून. आमच्याकडे पण "तिबेटी मणी" म्हणून डोळेवाले मणी असतात, लपवत नाही, ते सगळे नवे असतात. अकीकच असतो पण मशीननं कापलेला, रंग चढवलेला, चीनमधून येतो आणि मुंबईचा होलसेलवाला पाकिटावर देतो. सोबत एक छापील कागद येतो, एक डोळा म्हणजे बुद्धी, दोन डोळे म्हणजे नवरा-बायकोचं प्रेम, तीन म्हणजे पैसा, असं करत करत पार एकवीस डोळ्यांपर्यंत. गिऱ्हाईक कागद वाचून मणी निवडतं, मण्याकडे बघत पण नाही. मी एकदा होलसेलवाल्याला विचारलं की हे अर्थ कुणी लिहिले, तो म्हणाला शेठ तुम्हाला पाहिजे तर वेगळे छापून देतो 😄

आता ओळखायचं कसं ते सांगतो, माझ्या धंद्यापुरतं.

प्लास्टिक किंवा रेझिन असेल तर हातातच कळतं, हलकं आणि लगेच गरम होतं. दगड गालाला लावला की गार लागतो आणि बराच वेळ गारच राहतो. काच असेल तर भिंगातून आत बारीक बुडबुडे दिसतात. अकीक काचेपेक्षा कडक, चाकूच्या टोकानं ओरखडा उठत नाही, पण तुमच्या मण्यावर हा प्रयोग करू नका प्लीज, चाकू घसरला तर बोट जाईल आणि मोठी आई मला शोधत येतील.

एवढं करून फक्त दगड आहे एवढंच कळतं. जुना की नवा ते भोकात बघायचं. भिंग घ्या, मोबाईलची टॉर्च लावा आणि भोकाची कड बघा. शेकडो वर्षं दोऱ्यात राहिलेल्या मण्याची कड घासून गुळगुळीत होते, एका बाजूला जास्त झिजते कारण दोरा तिथं ओढला जातो. नव्या मण्याचं भोक चाकूनं कापल्यासारखं धारदार. आणि ती पांढरी रेघ वर रंगवल्यासारखी दिसते की दगडाच्या आत उतरलीये ते बघा. टवका गेलाय ना, मग तुमचं काम सोपं झालं, टवक्याच्या आत बघा रेघ किती खोल आहे.

सराफानं हकीक सांगितलं ते चूक नाही हो. हकीक, अकीक, गारगोटी सगळी एकाच घरातली भावंडं. त्याला फक्त पुढचं माहीत नव्हतं.

आणि तो साडेअकरावाला, त्याला उत्तर देऊ नका. "कुणाला दाखवू नका" म्हणणारा माणूस कधी बरोबर भाव देतो का.

---

निवांत_नाना

गारगोटी आहे. गारगोटी. आमच्या सिन्नरच्या माळावर पोतंभर मिळतील. इतकी वर्षं ट्रंकेत पडून होता तेव्हा कुणाचं काय वाईट झालं? आणि पाळण्याला होता तेव्हा पोरं आजारी पडलीच असतील ना? उगाच लोकांच्या डोक्यात काहीतरी भरवू नका.

---

नवेगावची_लेक

नानांना उत्तर नंतर कुणीतरी देईलच, मी मण्याचं सांगते.

मी मूळची अर्जुनी मोरगावकडची, आता कॉलेज रोडला राहते. आमच्याकडे गोठणगावजवळ तिबेटी लोकांची वसाहत आहे, नोर्ग्येलिंग, १९७२ पासूनची, तेव्हा तो भंडारा जिल्हा होता आता गोंदिया. माझ्या बाबांचं तिथं येणंजाणं, माझी शाळेतली मैत्रीण तिथलीच. हिवाळ्यात तिचे आईबाबा स्वेटर विकायला शहरात जायचे तेव्हा ती आमच्याकडे राहायची. त्यामुळे हे सगळं मी पुस्तकात नाही, तिच्या आजीच्या तोंडून ऐकलंय, अर्धं मैत्रीण भाषांतर करून सांगायची.

पहिलं म्हणजे नाव. लिहिताना डीझेडआय लिहितात म्हणून लोक 'डझी' 'डी-झी' काहीही म्हणतात, उच्चार 'झी' च, झी मराठीतला झी. अर्थ चमक, तेज. आजीच्या गळ्यात एक होता, दोन्ही बाजूंनी लाल पोवळं, पोवळ्याला ते 'चुरू' म्हणायचे आणि फिरोज्याला 'यू'. ती अंघोळीला पण काढायची नाही.

मी विचारलं होतं हे कोण बनवतं. आजी हसली. म्हणे बनवत नाही कुणी, हे किडे होते. जमिनीखाली बीळ करून राहायचे, अळीसारखे वळवळायचे, ज्याच्या नशिबात असेल त्याला दिसायचे, आणि माणसाचा हात लागला की तिथल्या तिथं दगड. एकानं म्हणे असा झी पळताना बघितला आणि डोक्यावरची टोपी काढून त्याच्यावर टाकली, टोपी उचलली तर खाली मणी. नांगरताना, गुरं चारताना मातीत हे मणी सापडतात ना, म्हणून ही गोष्ट त्यांना खरी वाटते. मातीतून निघतो, तर मातीतलाच कुणीतरी असणार.

दुसरी गोष्ट देवांची. झी हे देवांचे दागिने, एखाद्याला जरासा तडा गेला, डाग पडला की देव तो खाली फेकून देतात, आणि आपल्याला तेच मिळतात. म्हणून एकही झी अगदी निर्दोष नसतो म्हणे. तुमच्या मण्याला टवका आहे म्हणून तुम्ही नाराज आहात आणि तिकडं बिनडागाचा मणी दिसला तर लोकांना शंका येते!

तिसरी मला सगळ्यात आवडते. पश्चिम तिबेटात रुतोक म्हणून भाग आहे, आपल्या पँगाँग तलावाचं दुसरं टोक तिकडं जातं. तिथल्या एका डोंगरातून झी पाण्याच्या झऱ्यासारखे वाहायचे. मग एक दिवस एका दुष्ट बाईची दृष्ट लागली आणि झरा आटला. म्हणजे बघा, दृष्टीपासून वाचवणारा मणी आणि त्याच्याच झऱ्याला दृष्ट लागली. मी आजीला म्हटलं मग झरा स्वतःला का नाही वाचवू शकला, तर मैत्रिणीनं ते भाषांतर करायलाच नकार दिला 😅

राजा गेसारची पण गोष्ट आहे. गेसार म्हणजे त्यांचा मोठा वीर, त्याच्या कथा गाणारे लोक अजून आहेत, दिवसच्या दिवस गातात. त्यानं पश्चिमेकडच्या ताजिक राज्याचा खजिना जिंकला, त्यात झी होते आणि ते त्यानं लोकांत वाटले, म्हणून घराघरात आले. ताजिक म्हणजे इराणकडचा मुलूख.

आता टवका. ताई, तो टवका कुणीतरी मुद्दाम काढलेला असू शकतो. तिबेटी औषधात मौल्यवान गोळ्या असतात, 'रिन्चेन' म्हणतात, सोनं चांदी मोती पोवळं शुद्ध करून घालतात, त्यात झी ची पूड पण जाते. त्यासाठी घरातल्या मण्याचा एक कण काढून वैद्याला द्यायचे. आजीच्या मण्याला असे दोन खड्डे होते, एक तिच्या आईच्या आजारपणातला. त्यामुळे "तुटलेला" म्हणू नका. मधोमध तडकून दोन तुकडे झाले तर मात्र ते मानतात की मण्यानं संकट स्वतःवर घेतलं, आता त्याच्यात ताकद राहिली नाही.

आणि दुसऱ्याच्या अंगावरचा आहे म्हणून तुमच्या सासूबाई घाबरतायत, तिकडं हे बरोबर उलटं आहे. चार पिढ्या अंगावर राहिलेला झी भारी, दुकानातून नवा आणलेला हलका.

---

निवांत_नाना

बाकी गोष्टी छान आहेत, झोपताना नातवाला सांगेन. पण किडा दगड झाला हे तुम्ही सायन्स शिकवणाऱ्या माणसाला सांगताय.

---

राहूच्या_वक्रदृष्टीत

झी कशापासून वाचवतो म्हणे? नुसती दृष्ट की आणखी काही? माझ्या वहिनीनं लेहला फिरायला गेल्यावर साडेतीन हजारांना घेतलाय आणि आता ती म्हणते तिचा बीपी कंट्रोलमध्ये आला. गोळी पण चालू आहे हे ती सांगत नाही.

---

नवेगावची_लेक

@राहूच्या_वक्रदृष्टीत तुमचं नाव वाचून हसले, कारण उत्तर तेच आहे. तिकडं लकवा, फिट येणं हे ग्रहांमुळे होतं असं मानतात, 'झा' म्हणजे ग्रह, आणि त्यात सगळ्यात कडक राहू. झी त्याच्यापासून वाचवतो. त्यांच्या चित्रांतला राहू बघा कधी, कमरेखाली साप, नऊ डोकी आणि अंगभर डोळे. आपल्या त्र्यंबकला लोक काय करायला येतात? राहू-केतूच्या मधे सगळे ग्रह अडकले म्हणून कालसर्प शांती. एकच पाहुणा दोन्ही घरी जेवून जातो.

---

त्र्यंबकचा_दुकानदार

पाहुण्यावर आमचं पण घर चालतं हो ताई, जरा जपून 😄

---

उकरणारा

उशिरा आलो, पण हा माझा विषय आहे म्हणून जरा पसरून लिहितो. पुरातत्त्वात एम.ए. केलंय, आता नोकरी वेगळीच आहे, पण मण्यांचं वेड गेलेलं नाही.

नाना, गारगोटी आहे हे तुमचं शंभर टक्के बरोबर. पण त्याच्यावरच्या रेघा बघा. नैसर्गिक अकीकात पट्टे असतात ते दगडाच्या थरांप्रमाणे जातात, कांद्यासारखे. झी वरच्या रेघा थरांना न जुमानता जातात, चौकोन, नागमोडी, गोल. त्या माणसानं काढल्यात. आणि कशा काढल्या ते आपल्याच भूमीवर सुरू होतं.

हडप्पा संस्कृतीत, चान्हुदडो, लोथल वगैरे ठिकाणी, तांबड्या अकीकावर पांढरी नक्षी काढायचे. एवढे भारी मणी की ते थेट इराकमधल्या उर शहरात राजघराण्याच्या थडग्यांत सापडले, साडेचार हजार वर्षांपूर्वीचे, लिओनार्ड वूली यांच्या उत्खननात. नक्षी करायची रीत अर्नेस्ट मॅके या उत्खननकारानं १९३३ साली छापली, आणि ती त्याला कळली कशी तर सिंधमधल्या सेहवानच्या एका म्हाताऱ्या कारागिराकडून. धुण्याच्या सोड्याचं पाणी घ्यायचं, त्यात एका झुडपाच्या कोवळ्या फांद्या वाटून चिकट रस मिसळायचा. ते झुडूप म्हणजे केर हो, राजस्थानी केर-सांगरीच्या भाजीतला केर. मग बोरूनं मण्यावर नक्षी काढायची, वाळवायची, निखाऱ्यांत थोडा वेळ ठेवायची. सोडा दगडाच्या वरच्या थरात मुरतो आणि तिथं पांढरं पडतं, ते धुऊन जात नाही, घासून जात नाही. रंग लावलेला नाही, दगडच पांढरा झालेला असतो. म्हणून दुकानदार भाऊंनी टवक्यात बघायला सांगितलं ते एकदम बरोबर.

झी मधे याच्या पुढची एक पायरी आहे. अकीक मुळात राखाडी, दुधी असतो, तो काळा-चॉकलेटी करायचा. त्यासाठी दगड तेलात किंवा साखर-मधासारख्या गोड पाण्यात मुरवायचा आणि तापवायचा, बारीक छिद्रांत शिरलेलं ते जळून कोळसा होतं आणि दगड काळा पडतो. जिथं पांढरं पाहिजे तिथं सोडा. म्हणजे एकाच मण्यावर काळं करणं आणि पांढरं करणं, दोन्ही. चुकलं तर मणी तडकला, गेला. ज्यानं कुणी हे केलं त्याच्या हाताला सलाम.

पण तिबेटात झी बनवायचा असा एकही कारखाना आजवर सापडलेला नाही, म्हणजे भट्टी, अर्धवट मणी, तुकडे, काहीच नाही. मणी मात्र मिळतात. पश्चिम तिबेटात न्गारी भागातल्या एका दफनभूमीत उत्खननात झी निघाला, साधारण दोन हजार वर्षांपूर्वीच्या काळातला. बौद्ध धर्म तिबेटात पोचला त्याच्या कितीतरी आधी. नंतर बनवणं थांबलं, कारागीर गेले, नाव गेलं, राहिले फक्त शेतात सापडणारे मणी. आता सांगा, हजार वर्षांनी एका मेंढपाळाला जमिनीत डोळे असलेला दगड सापडला, बनवणारा कुणालाच माहीत नाही, तर तो किडा म्हणणार नाही तर काय म्हणणार? मला ती किड्याची गोष्ट अजिबात अडाणीपणाची वाटत नाही. आपण नाही का कुठल्याही डोंगरातल्या कोरीव कामाला पांडवांनी एका रात्रीत केलं म्हणून मोकळे होतो, पांडवलेणी हे नाव काय उगाच पडलं? तिथं तर दान देणाऱ्यांची नावं शिलालेखात कोरून ठेवलीयेत तरी पांडव ते पांडवच.

भाव वाढले ते अलीकडे. १९५९ नंतर तिबेटातून लोक भारतात, नेपाळात आले तेव्हा पोटासाठी कितीतरी झी विकले गेले. मग १९९० च्या दशकात तैवान, हाँगकाँगकडे याची फॅशन आली आणि जुने मणी सामान्य माणसाच्या हाताबाहेर गेले, त्यातही नऊ डोळ्यांचा म्हणजे बघायलाच नको. नकली पण तेव्हापासूनच महापूर. तशी नक्कल जुनीच आहे, जर्मनीत इडार-ओबरश्टाइन म्हणून अकीक कापणाऱ्यांचं गाव आहे, तिथूनही असे मणी बनून गेलेले आहेत. त्यामुळे "आजोबांच्या वेळचा म्हणजे अस्सलच" असं पण धरू नका.

आता जरा घरचं. अकीक येतो कुठून, तर लाव्हाच्या खडकातल्या पोकळ्यांतून, आणि आपण नाशिककर लाव्हाच्याच डोक्यावर बसलोय, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा दख्खनचा बसाल्ट. नाना तुम्ही सिन्नरचे, तुमच्याकडे तर गारगोटी नावाचं अख्खं म्युझियम आहे, त्याच पोकळ्यांतले स्फटिक मांडलेत, बघून या. खंबातचे मणीवाले शेकडो वर्षं ज्या रतनपूरच्या खाणींचा अकीक वापरतात ना भरूचजवळच्या, तो दगड याच दख्खनच्या लाव्हातला. तिथला पट्ट्यांचा अकीक 'बाबागोरी' म्हणून ओळखला जातो, बाबा घोर या सिद्दी पिराच्या नावावरून. आणि गोदाकाठच्या आपल्या जुन्या मातीच्या गढीवर १९५०-५१ ला सांकलिया आणि देव यांनी खोदलं होतं, म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीचं नाशिक अक्षरशः आपल्या पायाखाली आहे, लोक तिथून रोज भाजी घेऊन जातात.

ताई, एक बघून सांगा. दोरा काढून भोकातून उजेड बघा, आरपार सरळ दिसतो का? जुने कारागीर दोन्ही टोकांकडून भोक पाडत आणि मधे गाठत, बहुतेकदा थोडी चुकामूक होते आणि आत पायरी राहते.

---

निवांत_नाना

म्युझियम दोनदा बघितलंय. पण ते सोड्याचं माहीत नव्हतं, हे पटलं. रसायनशास्त्र तीस वर्षं शिकवलं, सोडियम कार्बोनेट फळ्यावर लिहून लिहून हात दुखला, मण्यावर लिहितात हे आज कळलं. देवळालीच्या ताई, मणी विकू नका. दृष्टबिष्ट काही नसतं, पण विकू नका.

---

देवळालीची_सून

सगळ्यांचे खूप खूप आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. चार दिवसांनी अपडेट देतेय.

भिंग शेजारच्या घड्याळवाल्या काकांकडून आणलं, ते डोळ्याला अडकवायचं असतं ना तसलं. टवक्याच्या आत पांढरी रेघ दिसते, वरून काळ्या भागाखाली पण थोडा राखाडी दगड दिसतो, म्हणजे रेघ वरवर रंगवलेली नाही आणि काळा रंग राखाडी दगडात मुरवलेला आहे एवढं मला समजलं. भोकाची एक कड अगदी लोण्यासारखी झिजलीये. दुसरी कमी.

काल शरणपूर रोडच्या तिबेटियन मार्केटला मुलांचे स्वेटर घ्यायला गेले होते तेव्हा पर्समधे मणी घेऊन गेले. एका स्टॉलवर चोवीस-पंचवीसचा मुलगा होता, त्याला हळूच दाखवला. मला वाटलं आता हा काहीतरी मोठं सांगणार, तर म्हणतो "दीदी मुझे क्या पता, मैं तो बी.कॉम. हूँ." पण फोटो काढून त्याच्या आईला व्हॉट्सॲपवर पाठवला, ती बायलाकुप्पेला असते कर्नाटकात. तिचं उत्तर आज त्यानं फोन करून सांगितलं. फोटोवरून पक्का झी आहे की 'चुंग झी' म्हणजे खालच्या प्रतीचा ते ती सांगणार नाही, हातात घेतल्याशिवाय कुणीच सांगू नये आणि सांगितलं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये. खड्डा औषधासाठीच काढलाय असं तिला वाटतं. आणि ज्यानं घोंगडीच्या बदल्यात गळ्यातला मणी दिला त्याच्याकडे देण्यासारखं दुसरं काही राहिलं नसेल असं म्हणाली. हे मी मोठ्या आईंना सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, उठून देवघरात गेल्या.

सासूबाईंचं 'दुसऱ्याच्या अंगावरचं' आता बंद झालंय, पण त्यांनी मण्यावरून मीठ-मोहरी उतरवून टाकलीच. मी म्हटलं दृष्ट घालवणाऱ्याचीच दृष्ट काढताय, तर म्हणाल्या त्या डोंगरातल्या झऱ्याची कुणी काढली असती तर आटला नसता! (तुमच्या सगळ्या कमेंट मी त्यांना मोठ्यानं वाचून दाखवते.)

@उकरणारा दादा, तुमचं भोकाचं. लाल दोरा कुजलेला होता तो काढला, मोबाईलची टॉर्च एका टोकाला धरली तर दुसऱ्या टोकाला पूर्ण गोल उजेड येत नाही, चंद्रकोरीएवढाच येतो. मोठी आई काळ्या दोऱ्यात ओवायला बसल्या, सुई मधोमध अडकली. मी म्हटलं थांबा मी बारीक सुई आणते. त्यांनी सुई काढून टाकली, दोऱ्याला मेण लावलं, टोक पिळून किंचित वाकडं केलं, आत घातलं आणि मणी अर्धा फिरवला, आला बाहेर. म्हणाल्या, "पहिल्या पोराच्या वेळी अख्खी दुपार गेली होती ह्याच्यापायी."

साडेअकरावाल्याचा परवा परत मेसेज, आता साठ हजार. ब्लॉक केलं.

आता एकच अडलंय, जुना बजरबट्टू उंदरांनी खाल्लाय. नाशकात चांगला बजरबट्टू कुठं मिळेल?

---

त्र्यंबकचा_दुकानदार

माझ्याकडे आहे, पैसे नकोत, त्र्यंबकला आलात की घेऊन जा. पण पाळण्याला वर कडीपाशी बांधा, बाळाच्या हाताला लागेल असा नको, सहाव्या महिन्यात सगळं तोंडात जातं.

---

निवांत_नाना

आणि दोरा दर वर्षी बदला, मेण लावून.